बिनव्याजी

८ सप्टेंबर

आज कुणालीला गिऱ्हाइकांसमोर झापलं. बरं वाटलं! वॅक्सच्या पट्ट्या धुवायला विसरली होती. म्हटलं, "प्रणयच्या पायासाठी पैसे न्यायला कशी गो विसरली नव्हतीस?" खुर्चीतल्या बाईने डोळे मिटूनच हसू दाबलं. कुणालीने पट्ट्या धुतल्या.

प्रणय, माझा दीर, दोन वर्षांपूर्वी टेम्पो घेऊन माळशेज घाटात उलटला. पायात सळई टाकायला पैसे मी दिले — पार्लरचे, माझे स्वतःचे, यांचे नाहीत. व्याज एक पैसा नाही! घरातल्या माणसाकडून व्याज घेईन का मी? तेव्हापासून कुणाली, माझी जाऊ, शहापूरच्या गोदामातून सुटली की घरी जायच्या आधी पार्लरात येते. झाडते, टॉवेल धुते, बायकांचे पाय घासते. ये असं मी कधी म्हटलं नाही. येऊ नको असंही म्हटलं नाही.

१९ सप्टेंबर

कुणालीने नवा ड्रेस घातला होता. नुसतं विचारलं, "कितीला घेतलास?" उद्या बघू परत घालते का.

२० सप्टेंबर

नाही घातला.

१४ ऑक्टोबर

सगळं लिहून काढते, म्हणजे झोप लागेल.

संध्याकाळी आली ती झाडू घ्यायला गेलीच नाही. पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली — गिऱ्हाइकं बसतात तिथे! म्हणाली, "ताई, फोन बघा." बघते तर सगळे पैसे खात्यात. सगळे! एकदम!

"कुठून आणलेस?"

"कार्डावर. पगार बँकेत जमा होतो ना, म्हणून बँकेनेच क्रेडिट कार्ड दिलं. कार्डावरचे पैसे खात्यात घेता येतात. वर्षभर व्याज नाय. दर महिन्याला हप्ता भरायचा फक्त."

मी म्हटलं, बँक काय तुझी मावशी लागते? तर हसली. गेल्या दोन वर्षांत माझ्यासमोर अशी हसली नव्हती. म्हणाली, "तारीख चुकवायची नाय, एवढंच. एक हप्ता चुकला तर सवलत रद्द, मग उरलेल्या सगळ्यावर व्याज. पण मी नाय चुकवायची."

मग उठून आरशासमोरच्या खुर्चीत बसली. "भुवया करा ना माझ्या. किती घेता?"

दोन बायका बसल्या होत्या. नाही कशी म्हणणार? दोरा तोंडात धरला. डाव्या भुवईपाशी कातडी दोऱ्यात सापडली, मला कळलं. तरी ओढला. रक्ताचा ठिपका आला. ती हललीसुद्धा नाही. आरशातून माझ्याकडे बघत होती. जाताना पन्नासची नोट ठेवली, म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सुट्टे."

१५ ऑक्टोबर

आज मी झाडलं. कंबर धरली.

यांना सांगितलं, कुणालीने पैसे फेडले. म्हणाले, "बरं झालं की." जेवत राहिले. मी म्हटलं, "बरं काय झालं? रीत असते काही! दोन वर्षं मी सांभाळून घेतलं." यांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि विचारलं, "तुला पैसे पाहिजे होते का कुणाली पाहिजे होती?"

काय पण प्रश्न! भाकऱ्यांची टोपली उचलून आत नेली.

९ नोव्हेंबर

कुणालीला पाचवा महिना लागलाय! मला बाहेरच्या बाईकडून कळलं. चुलीपुरती वेगळी आहे, पुढची ओटी एकच आहे आमची, आणि मला बाहेरून कळतं! पाटावर बसली होती, प्रणय तिला पेरू कापून देत होता. मला बघून उठली नाही. "या ना ताई," म्हणाली. बसल्या जागेवरून!

२० डिसेंबर

दर महिन्याला तारखेच्या आधी हप्ता भरते. भरला की ओटीवर येऊन प्रणयला मोठ्याने सांगते. मला ऐकू यावं म्हणूनच.

१७ फेब्रुवारी

कुणालीला दिवसांच्या आधीच कळा आल्या. शहापूरला नेलं. सिझर. मुलगी झाली. बारकी आहे म्हणे, काचेत ठेवलीय.

प्रणय संध्याकाळी लंगडत पार्लरात आला. तोंड उतरलेलं. शर्टाच्या आतून नोटा काढल्या. "वहिनी, उद्या कार्डाची शेवटची तारीख हाय. टेम्पोच्या मालकाकडून उचल घेतली. माझ्या फोनवरून जमत नाय, बँकेत जायला टाइम नाय. तुमच्या फोनवरून मारा ना. कार्डाचा नंबर लिहून आणलाय."

म्हटलं, "जा रे तू. पोरीकडं बघ. मी आहे ना."

पाया पडला.

१८ फेब्रुवारी

नोटा गल्ल्यात आहेत. फोन हातात आहे. नेट आहे.

१९ फेब्रुवारी

भरला नाही.

काल दोन नवऱ्या होत्या. मेंदी, फेशियल, केस. म्हणजे वेळ नव्हता असं म्हणता येईल. पण वेळ होता. दुपारी पंख्याखाली पाय पसरून चहा प्यायले. नंबर टाकला, रक्कम टाकली आणि पुसून टाकली. परत टाकली, परत पुसली. पोटात गुदगुल्या होत होत्या. लहानपणी मुंगीच्या वाटेवर बोट धरायचे, तशा.

२१ फेब्रुवारी

आज भरले. प्रणयला फोन केला, "भरले रे." कधी भरले ते त्याने विचारलं नाही. पोरगी काचेतून बाहेर आली, तेच सांगत बसला. डोळे कुणालीसारखे आहेत म्हणाला.

१२ मार्च

कुणालीला बँकेचा मेसेज आला! सवलत रद्द. उरलेल्या सगळ्या रकमेवर व्याज, वर दंड. कुणालीचा पगार बंद आहे. गोदामात बाळंतपणाचा पगार कोण देतं?

ओटीवर दोघांचं भांडण. मी आतून तांदूळ निवडत ऐकत होते. "तुमी टायमात दिले का नाय ताईंना? खरं सांगा!" — "दिले गो! आईची शपथ!" — "मग चुकला कसा?" पोर रडायला लागलं. मग कुणालीच रडायला लागली.

बाहेर गेले. म्हटलं, "अगं, त्या दिवशी नेट नव्हतं. मी टाकले होते, मागे आले. मला वाटलं एक-दोन दिवसांनी काय होतंय." कुणालीने डोळे पुसले. म्हणाली, "तुमचा काय दोष, ताई. तुमी उलट मदतच केलीत." आणि प्रणयकडे वळून म्हणाली, "तुमीच आधी जायला पाहिजे होतं."

त्याने मान खाली घातली. मी बाळाला घेतलं. माझं बोट घट्ट धरलं तिने.

२६ मार्च

वसुलीवाल्यांचे फोन. गोदामाच्या सायबालाही केला म्हणे. कुणालीला आता परत घेतील की नाही, कोण जाणे.

३० मार्च

आली! अंगावर पाजणारी बाई, पोर पदरात. दारातच उभी राहिली, बाकावर बसली नाही. "ताई, थोडे पैसे द्याल का? कार्ड बंद करून टाकते."

मी सावकाश एका बाईच्या केसांना रंग लावला. दोन्ही बाजूंनी. मग म्हटलं, "देईन की. व्याज नको मला. मी काय बँक आहे?"

जाताना तिने झाडू घेतला. मी ये म्हटलं नाही.

४ एप्रिल

पोरीला बाकाखाली चादरीवर निजवते आणि काम करते. वाकली की टाक्यांवर हात धरते. एका बाईने विचारलं, "नवीन ठेवलीत का?" मी म्हटलं, "नाही, जुनीच."

७ एप्रिल

हे पार्लरात आले. कधी येत नाहीत. कुणालीच्या हातातला झाडू घेतला, तिला म्हणाले, "पोरीला घेऊन घरी जा. परत येऊ नको." मग पाच बायकांच्या पायाशी बसून स्वतः केस गोळा केले. मी म्हटलं, अहो, लोक बघतायत. म्हणाले, "बघू दे. सकाळी बँकेत गेलो होतो. तुझं पासबुक भरून घेतलं. पैसे टाकलेस ते एकवीसला, मागे कधी आलेच नव्हते. तिचं देणं आता माझ्याकडून फेडून घे." झाडू भिंतीला टेकवला. "उद्या किती वाजता उघडतेस?"