दारातली हरळी कशानं करपली

७ डिसेंबर १९३९, गुरुवार

आणखी एक! भाकरीएवढा, गोल, तपकिरी. हात फिरवला तर पातं न् पातं चुरलं. ओट्यापुढची माझी हिरवळ – सबंध परभणीत तालुकदारसाहेबांच्या बंगल्याखालोखाल हीच – आणि तिला हे खरजेसारखे डाग! डोकं फिरलंय माझं.

संक्रांतीचं हळदीकुंकू याच हिरवळीवर करणार म्हणून साऱ्या गल्लीला सांगून बसले आहे. हे म्हणाले, "मग ओसरीत कर." वकील आहेत, तडजोड आधी सुचते!

सासूबाईंना हे गवत मुळातच पसंत नाही. भुजंगनं – पेडगावच्या शेतावरचा आमचा गडी, आता इथंच असतो – पोतंभर हरळी मुळ्यांसकट आणली, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "शेतातून जी उपटता उपटता माणसं म्हातारी झाली, ती तू दारात लावायलीस?" लावली! गेल्या आषाढात पाचव्या महिन्यात माझं पोटातलं गेलं. त्यानंतर मला काहीतरी जगवायचं होतं. हरळी जगली, पसरली, आणि कुणी तिच्यावर पाय ठेवायचा नाही असा मी हुकूमच काढला. भुजंगसुद्धा वळसा घालून जातो. सासूबाईही. तक्रार करत, पण वळसा घालूनच.

८ डिसेंबर, शुक्रवार

शेजारच्या कस्तुराबाई सकाळी कुंपणाशी येऊन उभ्या. डाग पाहिले, मान हलवली.

"हरळी कशानं मरत नस्ती बाई. तीन नांगरटी झाल्या तरी फुटती. ही मरायलीय म्हंजे नजर हाय. अन् कुणाची, तेबी सांगू का?"

कडूबाईची म्हणे! आमच्या गल्लीची सुईण कडूबाई! दिवाळीनंतर ती दारावरून जाताना थांबली होती आणि म्हणाली होती, "लय ग्वाड दिसायलंय बाई, डोळे निवले." एवढंच. ते कस्तुराबाईंच्या कानावर पडलं होतं, आणि पुढे डाग पडले. झाला हिशेब! वर आवाज खाली करून – "तुमचं पोटातलं गेलं तवाबी तीच होती ना उशाला?"

होती! म्हणून तर मी आज ही ओळ लिहिते आहे! त्या दोन दिवसांत तिनं माझा हात सोडला नव्हता. वैद्यबुवांनी नाडी बघून हात टेकले होते.

मी तोंडावर सांगितलं, असलं माझ्या दारात बोलायचं नाही. पण मागे सासूबाई उभ्या होत्या.  जेवताना हळूच म्हणाल्या, "कडूबाईला थोडे दिस इकडं नको येऊ देऊ."

मी ताट बाजूला सारलं.

११ डिसेंबर, सोमवार

पुन्हा एक! भुजंग म्हणाला, "हुमणी असंल वहिनीसाब. मुळ्या खाती अन् वरून कळू देत न्हाई." खणलं. वीतभर खणलं. पांढरी अळी नाही, वाळवी नाही. चार गांडुळं निघाली, तीही ठणठणीत.

कुत्रं? फाटक बंद असतं. थंडी? थंडी काय गोल गोल पडते? ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता, "तिकडं लढाई पेटलीय, आणि तुझं गवत!" मी म्हटलं, लढाई तुम्ही सांभाळा. गवताचं मी बघते.

१२ डिसेंबर, मंगळवार

गल्लीतल्या तीन घरांनी कडूबाईला नको म्हणून कळवलं. माझ्या हिरवळीपायी!

१४ डिसेंबर, गुरुवार

नवा डाग. अपेक्षाच होती.

देवळातून येताना कडूबाई भेटली. मला पाहून पदर पुढे ओढला आणि बाजूला झाली. मी, मनकर्णानं, जिच्या हातात जीव सोपवला होता, ती बाई माझ्यापासून डोळे लपवते! मी आडवी उभी राहिले. मग ती बोलली.

"माझी नजर तसली असती बाई, तर माझ्या हातावर येवढी लेकरं जगली असती का? सगळ्याच्या आधी म्याच बघते की त्यायला."

 कस्तुराबाईंची लेक पहिल्या बाळंतपणाला आली आहे, पौषात दिवस भरतात. ते आता मानवतच्या सुईणीला बोलावणार. कडूबाई म्हणाली, इथं पोट भरायचं नाही, संक्रांत झाली की भावाकडे ताडकळसला जाते कायमची.

जाऊ देणार नाही! मला ती इथं हवी आहे. का हवी ते असो.

ह्यांना सांगितलं. या वेळी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नुसत्या शकावर मुकदमा उभा राहत नाही. सबूत आण, मी स्वतः गल्लीला सुनावतो." आणते!

१८ डिसेंबर, सोमवार

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते, नाहीतर घाईत सगळं सांडेल.

सकाळी नवा डाग दिसला. (सोमवार, गुरुवार, सोमवार – दर वेळी हेच वार! हे आधी का नाही सुचलं?) मग ओट्यावर उभी राहून सगळे डाग एकदम पाहिले. एकही डाग दूर नाही. सगळे ओट्याच्या कडेनं, हात लांबवून मूठ सोडली तर पडेल तेवढ्याच अंतरात. अळीला काय ओट्याचा लळा असतो? हे माणसाचं काम!

डागातली माती उकरली आणि पिठाच्या चाळणीत घातली. सासूबाईंची चाळणी, पण वेळ तशी होती. चाळणीत राहिलं काय? मोहरीचे दाणे. लाल मिरचीचं एक देठ. माझ्या अंगणात फोडणी कोण घालतं?

मग चिमूटभर माती जिभेवर ठेवली. भुजंग ओरडला, "वहिनीसाब, माती खाताव का काय!" खाल्ली. खारट! चांगली कचकचीत खारट!

मीठ, मोहरी, मिरची. शेंबड्या पोरालाही सांगता येईल हे कशाचं साहित्य आहे. आणि मीठ मुरून पातं करपायला दोनेक दिवस लागतात असं धरलं, तर सोमवार-गुरुवारच्या मागे कोणते वार येतात? शनिवार आणि मंगळवार. दृष्ट काढायचे वार! आणि ते मीठ रोज संध्याकाळी पाणी घालून मुळांपर्यंत पोचवत कोण होतं? मी!

चाळणी घेऊन तशीच स्वयंपाकघरात. "आत्याबाई, हे काय?"

सासूबाईंनी चाळणीत पाहिलं. कांगावा नाही, काही नाही. "मीच टाकते. घराची दृष्ट काढते. मग?"

"मग हिरवळीवर का?"

"दृष्टीचं मीठ कुणी ओलांडू न्हाई, लागतं माणसाला. वाटंवर टाकू, तर पाय पडतेत. परसात टाकू, तर भुजंग फिरतो. तुझ्या गवतावर कुणी पाय देत न्हाई. सगळ्या घरात तेवढीच एक जागा!"

मी खाली बसून हसत सुटले. माझा हुकूम! माझ्याच हुकुमानं माझी हिरवळ मारली! हसणं थांबल्यावर विचारलं, सगळं जग चुलीत टाकतं, तसं का नाही टाकलं?

"मिरच्यांचा ठसका लागतो. घर उठतं दुपारचं."

"उठू दे की!"

त्या वळून भाकरी थापायला लागल्या.

मग कडूबाईचं काढलं. म्हटलं, तुम्ही नजर जावी म्हणून मीठ टाकलं, मिठानं डाग पडले, डागांमुळे नजर ठरली, आणि नजर म्हणून पुन्हा मीठ! तिकडे एक बाई गाव सोडून चाललीय. त्यांचा हात परातीतच थांबला. पण मान्य कुठलं करतात! "मिठानं हरळी मरती व्हय? मिठानं मेली असती तर शेतात पोत्यानं टाकलं असतं."

ठीक आहे. परीक्षा! उद्या मंगळवार आहे. दूरच्या कोपऱ्यात, जिथं डाग नाही, तिथली जागा त्यांनीच निवडायची आणि मूठही त्यांचीच. मोहरी नाही, मिरची नाही, नुसतं मीठ. मंत्र नाही, नजर नाही. बाजूलाच दुसरी जागा, तिथं नुसतं पाणी.

२० डिसेंबर, बुधवार

काही नाही. हिरवंगार. सासूबाई दोनदा जाऊन बघून आल्या. येताना चेहरा वर.

२१ डिसेंबर, गुरुवार

करपलं!! गोल, भाकरीएवढं! पाण्याची जागा जशीच्या तशी!

सासूबाई कोपऱ्यात किती तरी वेळ उभ्या होत्या. मी जिंकले म्हणून नाचायला हवं होतं. थोडी नाचलेसुद्धा, घरात जाऊन. बाहेर आले तर त्या भुजंगला म्हणत होत्या, "विहिरीचं पाणी वढ. सगळं मीठ धुऊन काढ." अजून वळसा घालूनच चालतात.

ह्यांनी रात्री जेवताना निकाल दिला, उर्दूत, थेट कचेरीतल्यासारखा. कडूबाई बाइज्जत बरी, म्हणजे निर्दोष सुटली! मला हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत.

२ जानेवारी १९४०, मंगळवार

रोज दहा-बारा घागरी. दोन डागांवर कडेनं नवी धावरी, हरळीची सरपटती काडी, आत शिरलीय. हरळी ती हरळीच! कस्तुराबाईंना चाळणी दाखवली, कोपरा दाखवला. म्हणाल्या, "असंल बाई, पर लोक बोलतेत त्याला काय करावं." लोक म्हणजे त्याच.

१४ जानेवारी, रविवार – संक्रांत

आज हळदीकुंकू हिरवळीवरच झालं! मीच सांगितलं, चपला काढा आणि खुशाल बसा. बायका आधी कडेकडेनं उभ्या राहिल्या, मग एकदम सगळ्या टेकल्या. काहींनी पातं तोडून दातात धरलं. डाग अजून आहेत, पण निम्मे हिरवे. मी झाकले नाहीत. मुद्दाम!

कडूबाईला मी स्वतः जाऊन आणलं होतं. ती फाटकाशीच थांबली. आत येईना. बायकांची कुजबूज थांबली, आणि मी तोंड उघडणार – सगळं पाठ करून ठेवलं होतं, मीठ, वार, परीक्षा – तेवढ्यात सासूबाई उठल्या. वळसा नाही घातला. सरळ हिरवळीवरून फाटकापर्यंत चालत गेल्या, कडूबाईच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं –

"हे गवत माझ्या हातानं मेलंय. माझ्या मिठानं. हिच्या डोळ्यानं न्हाई. ज्याला पटत न्हाई त्यानं यावं, मी मूठ टाकून दावते."

आमच्या सासूबाई, चतुराबाई, म्हणजे साऱ्या गल्लीनं जिला दबून राहावं अशी बाई. चूक झाली असं म्हणताना त्यांना मी आजवर ऐकलं नव्हतं. माझं पाठ केलेलं भाषण तसंच राहिलं, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही! कस्तुराबाई डागाकडे टक लावून बसल्या होत्या. कडूबाई रडली. मग मीही. हिरवळीवर बसून रडायला फार बरं वाटतं, हे आज कळलं.

१८ जानेवारी, गुरुवार

पहाटे कस्तुराबाईच दारात! लेकीच्या कळा सुरू झालेल्या, मानवतची सुईण आलेलीच नाही. "कडूबाईला तुमी बोलवा हो, माझं तोंड न्हाई." मी म्हटलं, तुमचं तोंड चांगलं मोठं आहे, तुम्हीच बोलवा! पण गेले बरोबर.

दुपारी मुलगी झाली. पाय आधी आले होते. कडूबाईनं फिरवून, सांभाळून काढली. दोघी सुखरूप. कडूबाई हात धुऊन बाहेर आली आणि भर अंगणात, बायकांसमोर, बाळाकडे डोळे भरून पाहिलं. कुणी पदर आड केला नाही!

ताडकळसच्या भावाला निरोप गेला, येत नाही म्हणून. जिंकले! पुरती जिंकले!

२० जानेवारी, शनिवार

दुपारी पडले, पण झोप लागली नाही. डोळे मिटूनच होते. सासूबाई पाऊल न वाजवता आल्या. बंद मूठ माझ्यावरून फिरायला लागली, डोक्यापासून खाली, आणि पोटाशी थांबली. ओठातल्या ओठात – "आल्याची, गेल्याची, घरच्याची, माझीबी लागली असंल तर निघू दे. येवढं एक पदरात पडू दे."

दिवाळीपासून मी बाजूला बसले नाही, ते त्यांना कळणारच होतं. मी कुणाशी बोलले नव्हते. या वहीतही लिहिलं नव्हतं, कारण गेल्या खेपेला पहिल्याच दिवशी लिहिलं होतं.

त्या मूठ घेऊन दाराकडे निघाल्या. मी डोळे न उघडताच म्हणाले, "आत्याबाई, हिरवळीवरच टाका."