बांधलेल्या बांगड्या

अण्णा, मला आता झोप लागते. तुम्हाला सांगावंसं वाटलं, कारण आपल्या घरात झोपेची किंमत तुमच्याइतकी कुणालाच कळली नव्हती. तुम्ही गेलात तेव्हा एसटीवर औरंगाबाद लिहिलेलं असायचं. आता संभाजीनगर असतं. बाकी या पत्रात नवं फार काही नाही.

तुम्ही वाळूजच्या कारखान्यात कायमची रात्रपाळी मागून घेतली होती. सकाळी कंपनीची बस नाक्यावर सोडायची, तुम्ही अंघोळ करून, भाकरी खाऊन पुढच्या खोलीत आडवे व्हायचात आणि आमचा दिवस तिथंच थांबायचा. खिडकीला गोधडी. मोरीत भांड्यांखाली पोतं. कुकर तुम्ही उठल्यावरच. सवाष्णीनं हातातल्या बांगड्या काढायच्या नसतात, म्हणून आई त्या कोपराकडं सरकवायची आणि वरून जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधायची. संध्याकाळी चिंधी सोडली की हातावर वळ दिसायचे. मुळाक्षरं मला तिनंच शिकवली, त्याच खोलीत, तुमच्या उशापासून हाताच्या अंतरावर. ती पाटीवरच्या अक्षरावर बोट ठेवते आणि नुसते ओठ हलवते. मी तिच्या ओठांकडं बघून माझे हलवते. मी वाचायला शिकले ती अशी, आवाजावाचून. पुढं शाळेत बाईंनी मोठ्यानं वाच म्हटलं तेव्हा मी पूर्ण धडा ओठांनी वाचला, आणि वर्गाला वाटलं की ही मुकी आहे.

एकदा माझ्या हातून वाटी पडली. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही कधीच ओरडला नाहीत, त्यानं तुमचीच झोप आणखी मोडली असती. उठलात, फळीवरच्या सगळ्या स्टीलच्या वाट्यांची चळत माझ्या तळहातांवर ठेवलीत, "आता वाजू देऊ नको," म्हणालात आणि भिंतीकडं तोंड करून झोपलात. मी उभी. हात थरथरायला लागले तशा वाट्याही आतल्या आत कुजबुजायला लागल्या. आईला त्या काढून घेता येईनात, कारण काढताना वाजल्या असत्या. मग ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिनं आपले तळहात माझ्या हातांखाली धरले. तुम्ही उठेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो. उठल्यावर तुम्ही एकेक वाटी उचलून फळीवर ठेवलीत, एकीचाही आवाज न होऊ देता. "आलं बघ. पोरगी शिकली," असं आईला म्हणालात, आणि पिशवीतून कागदात बांधलेली बालुशाही काढून मला दिलीत. कँटीनमध्ये मिळालेली, स्वतः न खाता माझ्यासाठी ठेवलेली. मी ती खाल्ली. चांगली होती, अण्णा. ती चांगली होती हेच मला आजही खटकतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी पाचवीत होते. त्या दिवशी तुम्ही दुपार कलली तरी उठला नाहीत. आई ओठांनीच म्हणाली, थकले असतील. मी गृहपाठ केला. पेन्सिल खाली ठेवतानासुद्धा सावकाश ठेवली. दिवेलागणीला नाक्यावर बसचा हॉर्न वाजला आणि परत वाजला, तेव्हा आई पहिल्यांदा आवाज काढून म्हणाली, "जा, उठव त्यांना." तुम्हाला उठवायची आमची ती पहिलीच वेळ होती. मी पायाला हात लावला. नंतर डॉक्टर म्हणाले, सकाळीच झालेलं आहे, आडवे झाल्यावर थोड्याच वेळात. म्हणजे दिवसभर आम्ही जिला जपत होतो ती झोप नव्हतीच. सकाळी कुणी एक ताट जरी पाडलं असतं तरी काही कळलं असतं का, वेळेवर रिक्षा मिळाली असती का, हे मी अजून मोजत बसते. आईनं ते एकदाही मोजलेलं मी पाहिलं नाही. आत्यानं तिच्या हातावरची चिंधी सोडली आणि बांगड्या तिथंच, तुमच्या उशाशी फोडल्या. तुमच्याजवळ एवढा मोठा आवाज कधी झाला नव्हता. मी आईकडं बघत नव्हते. तुमच्या पापण्यांकडं बघत होते.

देवगाव रंगारीचं आपलं वावर गावीच राहिलेल्या दादाकडं आहे. आई माझ्याकडं, सिडकोतल्या फ्लॅटमध्ये. आल्यापासून ती वाजायलाच लागली, त्याला दुसरा शब्द नाही. मिक्सर, रेडिओ, ताटं, स्वतःशीच मोठ्यानं बोलणं. गेल्या दिवाळीत एकटीच गुलमंडीला गेली आणि दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या घालून आली. भाऊबीजेला आलेल्या आत्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "म्हातारपणी हौस आली व्हय, वैनी?" आई पुरी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "वन्सं, तुमचा भाऊ व्हता तव्हा बी हातात व्हत्या. पण वाजल्या नाय कधी. आता वाजू द्या की." मला आईचा इतका अभिमान वाटला की मी कामाला जाते त्या लॅबमध्ये सगळ्यांना हे रंगवून सांगितलं.

आणि त्याच बांगड्यांनी माझी झोप गेली. आई पहाटे उठते, भाकरी थापते, आणि हातभर काच वाजते. मी त्याच्याही आधी जागी होऊन तो आवाज कधी येतो याची वाट बघत पडायची. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं केलं. संध्याकाळनंतर चहा बंद, फोन बाहेरच्या खोलीत, खिडकीला जाड पडदे, रोज ठरल्या वेळेला अंथरूण. पडदे लावताना आई म्हणाली, "गोधडी लाव की, ती घरचीच हाये." मी हसले नाही. लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवरची नावं तपासायचं काम माझं. एके दिवशी दोन नळ्यांची अदलाबदल होता होता राहिली, आणि घरी येऊन मी चप्पलही न काढता आईला म्हणाले, "आई, पहाटेपुरत्या बांगड्या काढून ठेवत जा. मला झोपू दे." आवाज अगदी हळू होता. आवाज तुमचाच होता.

आई माझ्याकडं बघून हसली. "पोराला वावर गेलं, तुला बापाची झोप आली. वाटणी बराबर झाली म्हनायची." मला वाटलं, विषय संपला. पण ती उठून आत गेली आणि आतूनच बोलली, "काढणार नाय मी. एकदा दुसऱ्यांनी काढल्या, तेवढं लई झालं. बांधते."

दुसऱ्या दिवशी मी उजाडेपर्यंत झोपले. कितीतरी महिन्यांत अशी झोपले नव्हते. अंग हलकं, डोकं साफ. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती, दोन्ही हातांना चिंध्या, परातीखाली दुमडलेलं फडकं. माझ्याकडं बघून तिनं ओठ हलवले, चहा देऊ का? मीही ओठांनीच हो म्हटलं.

बांगड्या वाजायच्या तेव्हा पडल्या पडल्या मला कळायचं, आई उठली, आई चालते आहे, आई आहे. आता घरात काहीच ऐकू येत नाही. तुमच्यानंतर मला ज्या शांततेची भीती वाटत आली, तीच ही शांतता. रोज सकाळी दारात जाऊन बघावं लागतं. बघते मी. पण झोप पूर्ण झाल्यावर.

माझ्या पलंगाचा एक पाय हलला की वाजतो. हा कागद घडी करून त्याच्याखाली घालणार आहे. आणखी एक सांगायचं राहिलं. परवा आईची चिंधी विरून फाटली. ती हात तसेच मोकळे ठेवून माझ्याकडं बघत राहिली. दुसरी चिंधी मीच फाडून दिली, माझ्या सुती ओढणीची. गाठही मीच मारली. मऊ आहे, वळ उठत नाहीत.