हिरामण टाकीत कसा उतरला

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार

हिरामण गेला. काल दुपारी, आमच्या सोसायटीच्या सांडपाण्याच्या टाकीत. अग्निशमनवाल्यांनी दोर लावून वर काढला तेव्हा नाकाला रुमाल तसाच बांधलेला होता.

त्याआधी मी जे ऐकलं ते लिहून ठेवते. बातमी लिहायचे तसं – मत नाही, विशेषण नाही.

टाकी माझ्या गॅलरीच्या बरोबर खाली. मी पहिल्या मजल्यावर, कपडे वाळत घालत होते. खाली दोघंच होते. सफाई आणि पंप बघणारा हिरामण, आणि सोसायटीचा सेक्रेटरी. टाकी तुंबली होती. गणपतीच्या मंडपाचे बांबू दरवर्षीसारखे टाकीवरच उभे केलेले – सपाट जागा तेवढीच आहे – त्यामुळे मैला उपसणारी गाडी आत येईना. दोन मोठी झाकणं स्टेजखाली गेलेली. एकच छोटं उघडत होतं.

हिरामण म्हणाला, "साहेब, लई वास हाय आत. गाडीच बोलवा."

सेक्रेटरी म्हणाला, "अरे, गाडीसाठी मंडप काढू का आता? परवा मूर्ती येतेय. उतर, दोन मिनिटांचं काम. नाकाला रुमाल बांध."

मी शेवटचा टॉवेल झटकला, चिमटा लावला आणि आत येऊन लिहायला बसले. ओरडा ऐकू आला तेव्हा बाहेर गेले.

सेक्रेटरी म्हणजे आशुतोष. माझा मुलगा.


२६ ऑगस्ट

सकाळीच चेअरमन आले – कमळाकर म्हात्रे. मूळचे शिरवण्याचे, गावात त्यांच्या भाड्याच्या खोल्या आहेत. हिरामण त्यातल्याच एका खोलीत राहायचा. रात्रभर झोपलेले दिसत नव्हते.

"वयनी, तुमी पेपरात होत्या. ग्रुपवर टाकाला दोन लायनी लिवून द्या. पोऱ्या तर गेला. आता कोनाच्या नावान बोट नको उठाला."

दिल्या लिहून. 'सांडपाण्याच्या टाकीची पाहणी करताना आपले कर्मचारी हिरामण यांचे दुर्दैवी निधन झाले.' पाहणी! शब्द माझाच. कुणी सांगितलं, का सांगितलं – काही नाही. डेस्कवर बसून आयुष्यभर हेच केलं, हात आपोआप चालतो.

संध्याकाळी ग्रुपवर बघितलं तर मध्ये 'स्वतःहून टाकीत उतरून' असं घातलेलं. खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात कुणीतरी – 'घेतलेली असणार. सणाचे दिवस!'


२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मंडप पार्किंगमध्ये हलवला. दुपारच्या आत हलला सगळा.


२८ ऑगस्ट

वाशीहून नंदकिशोरचा फोन. माझा प्रकाशक. "मॅडम, नीती वेळेत हवी हां! पुढच्या आठवड्यात प्रेसला जायचंय."

पुस्तक अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आहे, नीतिशास्त्राची ओळख. चार सिद्धांत, चार प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक उदाहरण आणि 'विचार करा'. काम घेतलं तेव्हा वाटलं होतं, त्रेसष्टाव्या वर्षी का होईना, आपण नेमकं काय मानतो ते तरी कळेल. आजवर दुसऱ्यांची मतं दुरुस्त करत आले.

"आणि उदाहरणं हलकी ठेवा," नंदकिशोर म्हणाला. "पेन्सिल ढापली, कॉपी केली, असं. मरणबिरण नको."

आज पहिलं प्रकरण, कर्तव्यवाद. खरं बोलायचं, कारण ते कर्तव्य आहे. पुढे काय होईल ते बघायचं नाही. आपण पाळतो तो नियम जगातल्या सगळ्यांनी पाळला तर चालेल का, एवढंच विचारायचं.

विचारून बघितलं. 'आपलं माणूस अडकणार असेल तर गप्प बसावं.' हा नियम सगळ्यांना लावला. नवी मुंबईतल्या एकाही टाकीला साक्षीदार उरला नाही!

प्रकरण चांगलं झालं. पेन्सिल घातली.


३० ऑगस्ट

आशुतोष चौथ्या मजल्यावर राहतो, पण मंगळवारनंतर आजच खाली आला.

"आई, पोलीस सगळ्यांना विचारणारेत. गॅलरीवाल्यांना पण. तू आत होतीस ना?"

"कपडे वाळत घालत होते."

"मी काय ढकललं का त्याला?"

"ढकललं नाहीस."

"मग?"

"उतर म्हणालास."

"सगळेच म्हणतात गं! कुठल्या सोसायटीत म्हणत नाहीत? माणूस आत पाठवायला बंदी आहे हे मला नंतर कळलं."

हे खोटं. बंदीची सूचना पावसाळ्याआधी त्यानेच नोटीस बोर्डावर लावली होती. शुद्धलेखन मी तपासून दिलं होतं. त्यालाही ते आठवलं असावं. फ्रीज उघडून नुसता उभा राहिला, शाळेतून आल्यावर राहायचा तसा. काही घेतलं नाही. माझा जीव तुटला. लिहून ठेवते – जीव तुटला तो हिरामणसाठी नाही.


३१ ऑगस्ट

दुसरं प्रकरण. परिणामवाद. ज्याने जास्तीत जास्त लोकांचं भलं होईल, निदान कमीत कमी लोकांचं वाईट, ते योग्य. सोपं वाटतं. कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे, मी बोलले तर काय होईल. आशुतोषला अटक. नोकरी जाईल. सून सई एकटी पडेल. तिच्या माहेरचे काय म्हणतील. शेजारी. माझं म्हातारपण. लिहीत गेले, लिहीत गेले. उजवीकडे, गप्प बसले तर काय होईल. हिरामणची बायको दीक्षा, दोन मुली. पुढे लिहिलं – 'दुःख'. बस, एक शब्द.

डावं पारडं जड झालं, होणारच होतं. त्याला बोट लावून मीच बसले होते. दीक्षाच्या घरात काय काय बुडेल ते मला माहीतच नाही. चार वर्षं तो आमचा कचरा नेत होता, मुलींची नावंसुद्धा माहीत नाहीत.


२ सप्टेंबर

शिरवण्याला गेले. कमळाकररावांच्या खोल्यांमधली शेवटची. दीक्षा दारात बसली होती. जालन्याहून आलेली माणसं परत गेलेली.

"बसा बाई."

बसले. मुलींची नावं विचारली. आरती आणि प्राची.

"लोक म्हनायलेत, पिऊन पडले," ती म्हणाली. "बाई, त्यांनी कदी हात नाही लावला. आन स्वतःहून? त्या झाकनाजवळ बसून डबा सुदिक खात नव्हते ते! मला म्हनायचे, काय बी करीन, पन त्या घानीत उतरनार नाही. माझ्या बापानं जल्मभर तेच केलं, म्हनले. म्या शिकलो दहावीपस्तोर, म्या नाही उतरत."

मी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"म्हात्रेदादा चांगले हायेत. भाडं नको म्हनले. पन केस-बिस करू नको, म्हनले, तुलाच तरास." मग आवाज खाली आणून – "वकील म्हनले, सोसायटीच्या मानसानं उतर म्हनलं, हे कुनीतरी सांगायला पायजे. नाहीतर ते स्वतःच्या चुकीनं गेले असंच लिवतील. तुमची गॅलरी वरच हाय ना, बाई?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. विनवणी नव्हती त्यात. नुसतं बघणं. धाकटी आत स्टोव्ह पेटवायला लागली.

मी म्हटलं, "चहा नको," आणि उठले.


३ सप्टेंबर

चहा नको. एवढंच बोलता आलं.


४ सप्टेंबर

तिसरं प्रकरण सद्गुणांचं. इथे नियम पाठ करायचे नाहीत, बेरजा करायच्या नाहीत. चांगला माणूस इथे काय करेल, एवढंच विचारायचं. आणि चांगला माणूस सवयीने घडतो, म्हणे. रोज थोडं धैर्य केलं की धैर्यवान.

माझ्या सवयी काय? वेळ पाळणं. आवाज न चढवणं. समोरच्याचं अडलेलं वाक्य पुरं करून देणं. 'तुम्ही किती शांत असता हो!' – सगळे म्हणतात. हा मला सद्गुण वाटत होता. आता वाटतं, तो फक्त स्वभाव. शांतपणे कुणीही कपडे वाळत घालू शकतं!

'हिरामण, उतरू नकोस.' वरून एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. तेव्हा म्हटलं नाही. आता जे म्हणता येण्यासारखं आहे ते तरी म्हणायला हवं. तीन प्रकरणं लिहून झाली, तिन्ही वाटा एकाच दारात नेऊन सोडतात. बोट न लावता मोजलं तर बेरीजही.

ठरलं. पोलिसांना सांगणार.


५ सप्टेंबर

दोघांना खाली बोलावलं. चोरून जायचं नव्हतं मला.

"सोमवारी जाऊन जबाब देणार आहे. जे ऐकलं ते. कमी नाही, जास्त नाही."

सई आधी बोलली. कधी उलट बोलत नाही ती. "आई, तुमचं पुस्तक छापून येईल. पेपरात आमच्याबद्दल जे येईल, ते पण तुम्हीच लिहून द्या. तुमचं मराठी चांगलं आहे."

लागलं. पण तिची चूक नाही.

आशुतोष चिडला नाही. मला वाटलं होतं आरडाओरडा करेल. त्याने एवढंच विचारलं, "गॅलरीत तू एकटीच होतीस? दुसरं कुणी नाही ना?"

"नाही."

"म्हणजे तू आणि मी."

"आणि हिरामण."

मान हलवली त्याने. "ठीक आहे, आई. तुला पटेल ते कर." पाणी प्यायला, ग्लास विसळून ठेवला, गेला. सई मागोमाग.

दार लावताना रडू आलं. अगदीच वाया गेलं नाही वाढवलेलं, असं वाटलं! तो आत जाईल, आणि माझ्यामुळे जाईल, तरी वाटलं.

दीक्षाला फोन केला. म्हटलं, सोमवारी सांगते. ती म्हणाली, "म्या पन येते तिथं. बाहेर बसंन नुसती."

नको म्हणायचं होतं. ये म्हटलं.


६ सप्टेंबर

विसर्जन. ढोल थेट गॅलरीखाली, टाकीवर उभे राहून. नवीन झाकण बसवलंय, लोखंडी.


७ सप्टेंबर, रविवार

शेवटचं प्रकरण संपवलं. आपुलकीची नीती. माणूस एकटा जन्मत नाही, कुणाच्या तरी कुशीत जन्मतो, म्हणून नीतीचं मूळ नियमात नाही, मायेत आहे. स्वतःचं मूल आणि परकं माणूस एकाच मापाने मोजणारा न्यायी असेल, पण त्याच्या घरी कुणी लहानाचं मोठं होणार नाही. असं हे मानणाऱ्यांचं म्हणणं. मला पटत नाही. तरी दोन्ही बाजू नीट मांडल्या, सवयीप्रमाणे. आक्षेपांत एक वाक्य टाकलं – 'या सिद्धांताच्या आधारे अन्यायालाही माया म्हणता येते.' बरं जमलंय.

नंदकिशोरला पाठवलं, मुदतीच्या आत. लगेच उत्तर – 'एक नंबर! पेन्सिलीचं उदाहरण बेस्ट.'

आशुतोष दोन दिवस दिसला नाही. त्याला वेळ देते आहे. उद्या काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलंय. चार वाक्यं आहेत. भीती वाटत नाही. आपण काय मानतो ते मला कळलंय, एवढं नक्की.


८ सप्टेंबर

पोलीस स्टेशन. पीएसआय तरुण मुलगी आहे, नीट बोलणारी. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "काकू, तुमचा मुलगा शनिवारीच जबाब देऊन गेला. खूप रडला हो. म्हणाला, मी नको नको म्हणत होतो, आईच वरून त्याला उतर म्हणाली. वासाने हैराण झाली होती ती. वय झालंय, तिला सांभाळून घ्या, म्हणाला. असंच झालं का?"

मी हो म्हटलं.

दीक्षा बाहेर बाकावर होती. मला बघून उभी राहिली. "सांगितलं का, बाई?"

तिलाही हो म्हटलं.