वाफ थांबेपर्यंत भाजलेली पावडर

सातारा, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९७६

जळकी पट्टी समोर टेबलावर आहे. आमच्या कारखान्यात इपॉक्सी राळेपासून बनणाऱ्या स्विचबोर्डाची, चाचणीसाठी पेटवलेली. राळेत आग विझवणारी पांढरी पावडर मिसळली की ज्योत बाजूला करताच पट्टी विझते. आजची टोकापर्यंत जळत गेली. असले बोर्ड साखर कारखान्यात बसले असते तर?

पावडर कमी घातली असणार म्हणून मी सगळ्यांदेखत दत्तूमामांवर ओरडलो. मामा कोरेगावचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले, आमच्याकडे पावडर मिसळायच्या कामावर, वयानं वडिलांसारखे. शांतपणे म्हणाले, "आवं सायेब, मापातच हाय. वली ऱ्हायली तर बोर्डाला फोड येत्यात, तुमीच म्हणाला व्हता. म्हणून कढईत लय भाजली, पार वाफ थांबंस्तवर."

वाफ! वरची ओल वेगळी, त्या पावडरीच्या पोटातच पाणी असतं. आगीत ते सुटतं आणि ज्योत विझवतं. मामांनी ते आधीच उडवून टाकलं. पण हे मी त्यांना कधी सांगितलं होतं? "खडखडीत कोरडी करा" एवढाच माझा हुकूम. त्यांनी तो शेवटापर्यंत पाळला.

ओरडलो सगळ्यांदेखत, कबुलीही तशीच द्यायला हवी. जमेल? पट्टी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टाकून ठेवतो. उद्या विसरलो म्हणायला जागा नको.