पहिलीला जाऊ द्यायचं असतं

२९ ऑगस्ट
आले एकदाची! होडीत पाच तास बसून कंबरेचं लाकूड झालं, पण काठावर ईनकभावजींना बघून हसू फुटलं. माझ्या सायलसचा हा धाकटा भाऊ. बायको-पोरं शाळेपायी गावात, आणि हिवाळ्याचं मांस कापायला-सुकवायला हात कमी, म्हणून यंदा विधवा वहिनीची आठवण झाली. उतरता उतरता म्हटलं, भावजी, ही चार केसांची दाढी राखलीत की कॅरिबूची शेपटी चिकटवलीत? ते म्हणाले, वहिनी, तुमची जीभ सुकत घातली तर दोन हिवाळे पुरेल.

तिसरे इथे एफ्रेममामा, सासूबाईंचे भाऊ. वय ऐंशी, दात तीन, कान मात्र तिखट. लाकडाची एकच खोली, समोर नदीचा उतार. कॅरिबू हरणांचा कळप दरसाल इथंच नदी ओलांडतो म्हणे. मला ही जागा नवी, पण आवडली.

३ सप्टेंबर
वाळवणाचा मांडव बांधला. मी बारीक काठ्या आणल्या तर मामांनी सगळ्या फेकून दिल्या. म्हणाले, मादी असती तर तू एकटी दोन खेपांत पाठीवरून आणली असतीस. या दिवसांतला नर म्हणजे दोन माणसांचं वजन, वर पाठीवर चार बोटं चरबी. तुझा मांडव त्याच्याखाली बसेल. मग जाड काठ्या तोडल्या, सुऱ्या परजल्या, धुरासाठी ओली लाकडं रचली. सगळं महिनाभरात उरकायचं. ऑक्टोबर लागला की नर माजावर येतात, मग मांसाला असा वास, की कुत्रंसुद्धा तोंड फिरवतं. मी म्हटलं, मामा, पुरुषांचं सगळीकडे हेच. मामा हसून हसून खोकले.

मग गंभीर झाले. पहिल्या टोळीला जाऊ द्यायचं, म्हणाले. चूल विझवायची, कुत्रा बांधायचा, बोलायचं नाही. पुढे म्हातारी मादी असते, वाट तिलाच ठाऊक. ती सुखरूप पार झाली की मागचे हजारो तिच्या पावलावर येतात. माझ्याकडे बघत विचारलं, तोंड बंद ठेवणं जमेल ना?

मी म्हटलं, जमेल.

११ सप्टेंबर
आल्या! भर दुपारी, पलीकडून, पंधरा-वीस. सगळ्यांत पुढे एका शिंगाची म्हातारी. चालताना त्यांच्या घोट्यांचा टक्‌ टक्‌ आवाज होतो, तो पाण्यावरून थेट ऐकू येत होता. आम्ही तिघं झुडपाआड. भावजींच्या मांडीवर बंदूक. गेल्या साली त्यांच्या तीन गोळ्या हुकल्या, गावभर हसं झालं होतं.

मला राहवलं नाही. कानाशी पुटपुटले, एकशिंगीनं ओळखलं बरं का तुम्हाला, म्हणून इतकी निवांत येतेय.

भावजींनी बंदूक उचलली. एकच गोळी. म्हातारी पाण्यात कोसळली आणि वाहून गेली. बाकीच्या मागे वळल्या.

मामांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली.

मी गंमत केली होती.

१७ सप्टेंबर
कळप आलाय. हजारो. पण पलीकडेच. पाण्यात उतरत नाहीत, चरत नाहीत, नुसते उभे. तोंडं आमच्याकडे. काठापासून इतके मागे की गोळी पोचत नाही. होडी घातली की डोंगराकडे सरकतात, परतलो की पुन्हा तिथंच. मांडव रिकामा. घरात पीठ आणि चहा. असंच राहिलं तर भावजींच्या पोरांनी हिवाळाभर काय खायचं?

मामा म्हणाले, त्यांना पुढे चालणारं कुणीतरी हवंय. पुढची जागा रिकामी राहत नाही.

२१ सप्टेंबर
धुकं. भावजी जेवत नाहीत. आज त्यांना दगडावरचं, कॅरिबू खातात ते शेवाळ खरवडून चघळताना पाहिलं. म्हटलं, माझ्या हातचं इतकं वाईट लागतं? हसले नाहीत. चुलीपाशी गेले तेव्हा आवाज आला — टक्‌ टक्‌. पायांत मऊ कातडी जोडे, खाली माती. मामांनीही ऐकला. माझ्याकडे पाहिलं नाही.

२४ सप्टेंबर
सकाळी भावजी नाहीत. जोडे दारात. चिखलात पावलं पाण्यापर्यंत. आधी अनवाणी माणसाची. मग पुढं — नाही लिहीत.

मामा होडी घेऊन गावाकडे गेले, माणसं आणायला. भावजी परतले तर घरात कुणीतरी हवं, म्हणून मी थांबले. जाताना मामा म्हणाले, काहीही दिसलं तरी पहिल्याला जाऊ दे.

२६ सप्टेंबर
मामा आले नाहीत. धुकं विरळतंय. कळप पाण्यात उतरला —

सगळेच येताहेत. आणि पुढे —

चार केसांची दाढी. पाणी छातीपर्यंत. मान सरळ, कळपासारखी.

चूल विझवली. कुत्रा बांधला. तोंडावर हात.

नंतर
भावजी काठावर चढले. जात नाहीत. दारासमोर उभे. मागे हजारो थांबलेत. इतकं मांस, बंदूक भरलेली — पण पहिल्याला जाऊ द्यायचं. जा ना भावजी. जा.

माझ्याकडेच बघताहेत. शेजारी एक जागा मोकळी ठेवलीय —

मी दार लावायला उठले. दोन पावलं. टक्‌ —

गुडघे असतील. वय झालं माझं. परत चालून बघते —