एकटीची फुगडी

१२ जुलै १९५४

पोचले एकदाची! ग्वाल्हेर ते इंदूर हा प्रवास आमचं मध्यभारत सरकार वर्षातून दोनदा फायलींच्या गाड्या भरून करतं. मी एका ट्रंकेत उरकला. ग्वाल्हेरच्या माणसाने इंदूरचं कौतुक करायचं नसतं असा आमच्याकडे अलिखित कायदा आहे. सकाळी स्टेशनबाहेर पोहे खाल्ले आणि मी तो मोडला.

घर बडा गणपतीच्या अलीकडे, दुमजली, हवेशीर. मालक अप्पासाहेब. होळकरांच्या फौजेत कवायत शिकवायचे, संस्थान विलीन झाल्यापासून पेन्शनीत. आता संशोधन करतात. त्यांची टिपणं सुवाच्य लिहायची आणि त्यांच्या मुलीला, यशोधरेला, घरी शिकवायचं, हे माझं काम. अर्जाच्या उत्तरात त्यांनी विचारलं होतं, घरी कोण कोण असतं? मी खरं ते कळवलं: यजमान जाऊन चार वर्षं झाली, सासर-माहेर दोन्हीकडे आता कुणी नाही. उलट टपाली 'निघून या' आलं. इतक्या लवकर पसंती मला लग्नातसुद्धा मिळाली नव्हती.

१६ जुलै

संशोधन मोठं मजेचं आहे. दोन माणसांची हालचाल एक कशी होते, हा विषय. अप्पासाहेब त्याला 'जोडचाल' म्हणतात. आज दोन सुतार बोलावले होते, एकाच करवतीची दोन टोकं ओढायला. काल दोन बायका ओलं लुगडं पिळून गेल्या. वरच्या दिवाणखान्यात फरशीवर काजळी धरलेले कागद पसरतात, माणसं त्यावर उभी राहतात, आणि कुणाचा भार कुठे पडला ते पावलांच्या ठशांवरून कळतं.

त्यांचं म्हणणं असं, की वर्षानुवर्षं बरोबरीने काम करणाऱ्या दोघांत प्रत्येकाकडे निम्मीच हालचाल असते, उरलेली निम्मी जोडीदाराच्या अंगात. मग माझी निम्मी कुठे गेली, असं अगदी ओठांवर आलं होतं. पहिल्याच आठवड्यात आगाऊपणा नको म्हणून गप्प बसले.

२३ जुलै

यशोधरा बारा वर्षांची. हुशार आहे, पण काडीसारखी वाळलेली. धाकटी बहीण सुमन गेल्या श्रावणात गेली, दहा वर्षांची होऊन. तेव्हापासून आई गौतमपुऱ्याला माहेरी आहे, या घरात पाऊल टाकायला तयार नाही. हे सगळं स्वयंपाकाच्या गंगूबाईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं.

दुपारी चारला गिरणीचा भोंगा झाला की यशोधरा पाटी ठेवून वर जाते. मी मागोमाग निघाले तर गंगूबाईंनी हटकलं. म्हणाल्या, चारच्या नंतर वरती नका जाऊ हो बाईजी, बेबीचा खेळायचा टाइम असतो, खेळू द्या बिचारीला. बोलताना त्यांनी पदर तोंडाशी धरला होता.

खेळून आल्यावर पोरीच्या तोंडावर रंग उरत नाही. हा कसला खेळ?

३० जुलै

आज पाहिलं. दाराच्या फटीतून पाहिलं, खोटं कशाला लिहू.

यशोधरा फुगडी खेळत होती. एकटीच.

फुगडीत आपण मागे रेलतो ते समोरचीच्या भरवशावर. ती आपल्याला तोलते, आपण तिला. समोर कुणी नसेल तर पाठीवर आपटायचं, हे कळायला कवायतमास्तर लागत नाही. पोरीने हातांची अढी समोर घातली होती, मुठी आवळलेल्या होत्या आणि ती इतकी मागे रेलली होती की माझ्या तोंडून किंकाळीच फुटायची. गरगर फिरत होती. पडत नव्हती.

नंतर कागद पाहिले. ठसे एकाच जोडीचे. सगळा भार टाचांवर.



२ ऑगस्ट

अप्पासाहेबांना सरळ विचारलं. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत, खुर्चीत बसून रडले. सहा फूट उंचीचा फौजी माणूस असा रडताना मी पाहिला नव्हता.

सुमन गेल्यानंतर महिन्याभराने हे सुरू झालं. त्यांनी रोजची वेळ नोंदून ठेवली आहे. पहिल्या दिवशी चार मिनिटं. परवा पन्नास. हात सोडवायला गेलं तर पोरीच्या खांद्यातून कटकट आवाज येतो, म्हणून आता कुणी शिवत नाही. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, असंच चाललं तर दसरा दिसणार नाही.

एक मुलगी गेली, दुसरी डोळ्यांदेखत चाललीय, आणि बाप घड्याळ घेऊन बसलाय. मी हे त्यांना तोंडावर म्हटलं.

५ ऑगस्ट

यशोधरेने आज आपणहून सांगितलं. भूगोलाचं पुस्तक उघडं होतं, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, बाई, सुमीचा हात मीच सोडला. घाम आला होता, घसरला. ती जाऊन पायरीवर पडली.

फुगडी आधी हळू करायची, थांबायचं आणि मग हात सोडायचे. त्यांची थांबलीच नव्हती. सुमी अजून फिरतेच आहे, म्हणाली. मला मुक्काबिक्का मारत नाही, बाई. नुसती धरून असते. मी आता नाही सोडणार.

मी तिला जवळ घेतलं. हाडं लागली हाताला.

८ ऑगस्ट

तीन दिवस एकच विचार. हात सोडायचा नाही, हात बदलायचा. यशोधरेच्या जागी दुसरं कुणी धरलं, तर सुमन पडणार नाही आणि ही सुटेल. मग मी हळूहळू वेग कमी करीन, थांबवीन, नीट सोडीन. मोठं माणूस आहे मी. एका पोरीचा खेळ मला थांबवता येऊ नये?

अप्पासाहेबांना सांगितलं. ते माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरले.

१० ऑगस्ट

श्रावणातला मंगळवार. घरोघरी मंगळागौरी चालल्या आहेत. विधवेला तिथे कोण बोलावणार? चार वर्षांत फुगडी सोडाच, कुणी माझा हातही धरला नव्हता.

चारला वर गेले. यशोधरा फिरत होती, तिच्याबरोबर फिरत तिच्या मनगटांवर हात ठेवले. मग बोटांवर. मग त्याच्या पलीकडे.

हात होते. लहान, गार, घामेजलेले.

यशोधरेला म्हटलं, सोड. तिने सोडलं. बाजूला जाऊन बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने, भोकाड पसरून रडली. ते ऐकून मला इतका आनंद झाला की मी फिरता फिरता हसत होते.

फुगडी थांबली ती दिवेलागणीला. ती थांबली म्हणण्यापेक्षा मी पडले.

११ ऑगस्ट

यशोधरा गौतमपुऱ्याला आईकडे गेली. सकाळी दोन पोळ्या खाल्ल्या तिने, गंगूबाई बघत राहिल्या. जाताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, बाई, सुमीला हळू करता येत नाही हो. मी सांगायला पाहिजे होतं.

१३ ऑगस्ट

खरंच येत नाही. जरा वेग कमी केला की घाबरते. बोटं रुतवते.

अप्पासाहेब कागद घेऊन समोर बसतात. आज म्हणाले, तिचा हात कसा लागतो ते सांगा. गार आहे का? नखं वाढलीत का? मी म्हटलं, गार आहे. त्यांनी माझ्या हातांपुढे हवेत चाचपलं, बराच वेळ. त्यांना काही लागलं नाही. खाली निघून गेले.

त्यांची वही तिथेच राहिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली नोंद, मी यायच्या आधीची: 'ग्वाल्हेरचा अर्ज. विधवा. मागे विचारणारे कोणी नाही. दोन्ही हात मोकळे. योग्य.'

म्हणजे मी काही ठरवलंच नव्हतं.

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण ते गार हात आठवतात आणि— त्या पोरीचा काय दोष?

१४ ऑगस्ट

ग्वाल्हेरला परत जायचं ठरवलं. ट्रंक घेऊन तांग्यात बसले, मागच्या सीटवर, एकटी. राजवाड्यापर्यंत गेलो नाही तोच तांगेवाल्याने मागे वळून म्हटलं, बाईजी, तांगा उलार हो रहा है, थोडं आगे सरका. तांगा मागे झुकला होता, घोड्याची मान वर उचलली जात होती.

पुढे सरकले. तरी झुकलेलाच.

उतरले. चालत परत आले. डावी मूठ सबंध वाट मिटलेली.

१६ ऑगस्ट

गंगूबाई काम सोडून गेल्या. सुमी आता चार वाजेपर्यंत थांबत नाही. काल भोंग्याच्या आधीच— दुपारभर. टाचा फुटल्या आहेत. अप्पासाहेबांनी वेळ विचारली, मला सांगता आली नाही.

ते लिहीत होते. सगळा वेळ लिहीत होते.

१७ ऑगस्ट

अंग एका बाजूला रेलतं. भिंतीला धरून चालावं लागतं.

रात्री ती रडते. आवाज नाही, हाताला कळतं.

१८ ऑगस्ट, सकाळ

सोडून पाहिलं. खरंच पाहिलं. बोटं सैल केली मात्र, तिने अंगठा घट्ट धरला, अंधारात जिना उतरताना लहान मूल धरतं तसा— सोडलं तर पुन्हा त्याच पायरीवर—

नाही जमत मला. एकदा पडलीय ती.

डावा हात उठल्यापासून तिच्याकडेच. उजव्याने लिहिते आहे. वही घसरते—

आता उजवाही मागते.

थांब गं बाळ. पळून नाही जात मी. एवढी ओळ होऊ दे, मग दोन्ही हा