सहा घरांतली काजळी

३ मे, रविवार
कुंपणाशी पुन्हा अस्वलाचे ठसे! तीन कोकरं गेली. आणि व्हर्ल या आठवड्यात दोनदा एकटाच कुरणात निघाला – अकरा वर्षांपूर्वी मेलेली घोडी शोधायला. टॉन्याचा फोन आला. बिलिंग्ज शहरातल्या त्या वृद्धाश्रमात जागा झालीय म्हणे. "आई, किती दिवस तू एकटी पुरी पडणार?" मी फोन ठेवला. एकोणपन्नास वर्षांचा संसार आहे, हातपाय चालतात तोवर माझा नवरा माझ्याच घरात राहील. पोटची पोर, पण बोलताना जिवाला लागतं.

५ मे
व्हर्लचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावून फिरते. सराव केला. डब्यांवर बारा बार, सात लागले. अडतीस नंबरचीच काडतुसं, छोटी. या मॅग्नम रिव्हॉल्व्हरमध्ये छोटी-मोठी दोन्ही चालतात, पण मोठ्यांच्या धक्क्यानं माझं मनगट चार दिवस ठणकतं. सगळा हिवाळा छोट्यांवरच काढला. "सरावाला छोटी, अस्वलाला मोठी," व्हर्ल सांगायचा. तेव्हा सांगायचा.

६ मे
आज व्हर्ल मला परकीसारखं 'बाई' म्हणाला. जेवला मात्र नीट.

९ मे
सकाळी कॉफी ओतेस्तोवर व्हर्ल गायब! धावले. तो कुरणाच्या मध्यावर, आणि पलीकडे शंभर पावलांवर अस्वल, मेलेल्या मेंढीवर बसलेलं. मी छोटी काडतुसं काढली, मोठी घातली. जाईनात! बरीचशी आत गेली आणि शेवटी अडकली. काडतुसांचं सिलिंडर मिटेना. तळहातानं ठोकली, कातडी सोलवटली, तरी नाही. अस्वलानं मान वर केली. देवा, आत्ता नको! एकेक उपटून पुन्हा छोटी भरली आणि हवेत तीन बार काढले. ते निवांत उठून झाडीत गेलं. मी व्हर्लला मिठी मारली तर म्हणतो, "बाई, किती गोंगाट करता."

१० मे
शेजारचा ऑरिन आला. बॅटरी लावून सिलिंडरच्या घरांत बघितलं आणि हसायलाच लागला. छोटं काडतूस जिथं संपतं तिथं आत काजळीचं कडं धरतं. महिनोन्‌महिने छोटीच झाडली, तर लांब काडतूस त्या कड्याला अडणारच. "नुसती नळी पुसत होतीस ना, आयडेला?" हो, नुसती नळी. लाजेनं मेले. व्हर्ल दर रविवारी चर्चहून आल्यावर तासभर काय घासत बसायचा, ते मी कधी विचारलंच नाही.

मग व्हर्लनं रिव्हॉल्व्हर ऑरिनच्या हातातून काढून घेतलं. तेल, पितळी ब्रश – कुठं काय ठेवलंय ते न विचारता आणलं. सहाही घरं घासली. मोठी काडतुसं टाकली, सुळ्ळकन बसली. आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "छोटी वापरलीस तर घासायला नको का, आयडेला?"

माझं नाव! फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा! मोरीशी जाऊन रडले.

टॉन्याला कळवलं, त्याला न्यायला येऊ नकोस, तुझा बाप सुधारतोय. रिव्हॉल्व्हर त्याच्या उशाच्या खणात ठेवलं, भरलेलंच. पूर्वी असायचं तसं. त्याला बरं वाटेल.

११ मे
आज त्यानं दोनदा खण उघडून बघितलं, आणि हसला.

१२ मे
सकाळी बिस्किटं भाजत होते. वळले तर व्हर्ल दारात, रिव्हॉल्व्हर माझ्यावर रोखलेलं. हात जराही हलत नव्हता. "आयडेला कुठाय? काय केलंस तिचं?"
मी म्हटलं, कोकरांना पाजायला गेलीय, येईलच. बसा.
तो बसला. रिव्हॉल्व्हर ताटाशेजारी ठेवलं. मी त्यावर फडकं टाकलं, उचलून बाहेर नेलं आणि टॉन्याला फोन केला – ये, घेऊन जा त्याला.
ती तीनपर्यंत पोचेल. तो दाराकडे डोळे लावून बसलाय, बायको येईल म्हणून. मी समोरच बसलेय.